अक्षराचे वळण : पवई आणि संगणकीय देवनागरीची घडण

समाजाला स्वतःची ओळख माध्यमांतून पटते, हा विचार अभ्यासकांमध्ये आता रूढ झालेला आहे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या ग्रंथात असे मांडले की, परस्परांना कधीही न भेटलेली माणसे एकाच छापील भाषेतील वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचू लागली म्हणजे त्यांच्या मनात एका समान समाजाचे चित्र आकार घेते आणि राष्ट्र ही कल्पना त्या चित्रावर उभी राहते. मराठीचा अनुभव याला पुष्टी देतो आणि तो नियतकालिकांच्या नावांतूनही वाचता येतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या पत्राचे नाव 'दर्पण' होते, कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधू' काढले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' हे दैनिक काढले. आरसा, दीनांचा बंधू, मुक्यांचा नायक आणि मराठा ही चार नावे म्हणजे वाचकाने स्वतःकडे कोण म्हणून पाहावे, या प्रश्नाला चार काळांनी आणि चार समाजगटांनी दिलेली उत्तरे होती.

या इतिहासात मजकुराची चर्चा पुष्कळ झाली आहे. मजकूर ज्या अक्षरांतून वाचकापर्यंत पोहोचला त्या अक्षरांची चर्चा मात्र त्या मानाने फार थोडी झाली. मराठीत 'वळण' हा शब्द अक्षरालाही लावतात आणि माणसालाही. अक्षराचे वळण म्हणजे त्याची रेखीव सवय, आणि माणसाचे वळण म्हणजे त्याच्यावर झालेला संस्कार. माध्यम बदलते तेव्हा ही दोन्ही वळणे एकत्र बदलतात, कारण कोणते अक्षर छापता येईल, कोणते टंकता येईल आणि कोणते पडद्यावर दिसेल हे ठरले की कोणती भाषा सार्वजनिक जीवनात वावरेल आणि कोणती घरापुरती उरेल, हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. गेल्या चार दशकांत मराठीपुरते असे अनेक निर्णय मुंबईच्या उपनगरातील पवई या एका जागेशी जोडले गेले. त्या निर्णयांचे महत्त्व समजण्यासाठी त्यांच्याआधीच्या पावणेदोनशे वर्षांकडे पाहावे लागते.

मोडी मागे पडली

छपाई येण्यापूर्वी मराठी दोन लिप्यांत लिहिली जात होती. पोथ्या आणि धर्मग्रंथ बालबोध म्हणजे देवनागरी लिपीत लिहिले जात, तर हिशेब, पत्रव्यवहार, वतनाचे कागद आणि दरबारी दप्तर मोडीत असे. मोडी ही धावती लिपी होती. बोरू फारसा न उचलता ओळ पुरी करता यावी अशी तिच्या अक्षरांची ठेवण होती. याच गुणामुळे ती खिळ्यांना, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांना, सहज वश होणारी नव्हती, कारण खिळ्यांत प्रत्येक अक्षर वेगळे करून ओतले जाते, तर मोडीचे सौंदर्य आणि वेग दोन्ही अक्षरांच्या सलगतेत होते.

ती छापताच आली नसती असे मात्र नव्हे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ साली छापलेल्या मराठी व्याकरणात नागरी अक्षरे होती, तर १८१० साली छापलेल्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे पाडण्यात आले. पुढे मुंबईत मात्र बालबोधच छपाईची लिपी ठरत गेली. गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर १८३१ साली पंचांग छापले, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांवर सतत काम झाले, आणि त्याच छापखान्यात लहान वयात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप पुढे देशभर नावाजले गेले. शाळेची क्रमिक पुस्तके, वर्तमानपत्रे आणि ग्रंथ बालबोधीत आले, आणि मोडी हाताच्या लेखनापुरती राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिचे शिक्षणही शाळांमधून संपले.

या बदलाचा लाभ मोठा होता, कारण एकच लिपी शिकून सर्व छापील मराठी वाचणे शक्य झाले आणि शिक्षणाचा विस्तार सोपा झाला. त्याची किंमतही तेवढीच खरी होती. ज्यांच्या घरात पणजोबांच्या हातचे खतपत्र, वंशावळ किंवा जमिनीचा निवाडा आहे अशा असंख्य मराठी कुटुंबांना ते कागद वाचण्यासाठी आज मोडी जाणकार शोधावा लागतो. दोन-तीन पिढ्यांत आपल्याच पूर्वजांचे अक्षर परके झाले. मोडीवर कोणी बंदी घातल्यामुळे हे घडले नाही. ज्या माध्यमातून समाज वाचू लागला त्या माध्यमात तिला जागा मिळाली नाही, एवढे कारण पुरेसे ठरले.

यंत्राच्या मापाने लिपी

बालबोधीला जागा मिळाली, तरी यंत्राशी तिचा संघर्ष संपला नव्हता. रोमन लिपीची छपाई शंभरच्या आसपास खिळ्यांत भागते, तर देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. अक्षराच्या वर, खाली, डाव्या आणि उजव्या बाजूला चिन्हे लागत असल्यामुळे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, एकच शब्द तीन थरांत रचत असे. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी इ, ई, उ, ऊ यांची स्वतंत्र अक्षरे काढून 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावण्याची, म्हणजे 'अ'च्या बाराखडीची, सूचना केली. आणि १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा निर्णय घेतला, जो वाचकांच्या सवयीला इतका विसंगत ठरला की १९५७ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

पवईला लागूनच असलेल्या विक्रोळीत या संघर्षाचा आणखी एक अध्याय घडला. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला आणि पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांचे टंकलेखक तिने तयार केले. टंकलेखकाच्या मोजक्या कळांत देवनागरी बसवायची म्हणजे अक्षरांचे अर्धे तुकडे करणे, जोडाक्षरे फोडणे आणि जिथे जोड साधत नाही तिथे अक्षराचा पाय मोडणे, म्हणजे हलन्त चिन्ह देणे, भाग होते. सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि सहकारी संस्था यांचे मराठी कामकाज अनेक दशके याच पायमोडक्या अक्षरांतून चालले. महाराष्ट्र राज्याची राजभाषा मराठी झाली ती कायद्याने; परंतु कचेरीच्या मेजावर ती टिकली ती या यंत्राच्या आधाराने, हेही तेवढेच नोंदवण्याजोगे आहे.

या सर्व प्रयत्नांमागे एक समान गृहीत होते: यंत्र रोमन लिपीच्या मापाने घडलेले आहे आणि देवनागरीने त्यात बसण्यासाठी आपले अंग आकसून घ्यावे. शासकीय मुद्रणाचा प्रदीर्घ अनुभव असलेले बापूराव नाईक यांनी भाषा संचालनालयातर्फे १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षरांवरील आपल्या तीन खंडांच्या इंग्रजी ग्रंथात या संपूर्ण प्रवासाचा तपशील मांडला. त्या ग्रंथाने हा प्रश्न कारागिरांच्या अनुभवातून उचलून अभ्यासाच्या कक्षेत आणला.

पवईतील आरंभ

पवई हे विसाव्या शतकाच्या मध्याला शहराच्या कडेचे ठिकाण होते. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८९१ साली बांधलेला तलाव, त्याभोवतीचे डोंगर, तिरंदाज, पासपोळी, तुंगवे यांसारखी जुनी गावे आणि आदिवासी पाडे एवढाच तिचा परिचय होता. भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ साली वरळीतील तात्पुरत्या जागेत सुरू झाली, आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवई येथे तिच्या वास्तूची कोनशिला बसवली. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाचे साहाय्य लाभलेल्या या संस्थेत १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले, जे आयडीसी या लघुनावाने ओळखले जाते. अभिकल्प म्हणजे वस्तूचा वापर, रूप आणि निर्मिती यांचा एकत्र विचार करून केलेली तिची आखणी. अभियंत्यांच्या संस्थेत रेषा, रंग आणि अक्षर यांचा अभ्यास करणारा विभाग असणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

या केंद्रात १९८३ साली रघुनाथ कृष्ण जोशी अध्यापनासाठी आले. र. कृ. जोशी हे जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेले सुलेखनकार, कवी आणि उल्का या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ काम केलेले कलादिग्दर्शक होते. सर्व भारतीय भाषांना एकाच लिपीत लिहिता यावे यासाठी 'देशनागरी' या लिपीची कल्पना त्यांनी मांडली होती. अक्षर हा त्यांच्या दृष्टीने मजकुराचा वाहक तर होताच, शिवाय उच्चार, हाताची हालचाल आणि परंपरा यांचा तो एक ठसा होता. पवईत आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी सुलेखन आणि संगणक यांना एकत्र आणले. त्या केंद्रातील सहकाऱ्यांसह तयार झालेली 'विन्यास' ही संगणकावर अक्षरे आखण्याची आज्ञावली भारतीय लिप्यांच्या गरजा ध्यानात घेऊन केलेली होती. धातूच्या खिळ्याला जागेची मर्यादा होती, टंकलेखकाला कळांची होती. संगणकाला तशी मर्यादा नाही, हे ओळखून यंत्राने लिपीकडे यावे, लिपीने यंत्राकडे जाऊ नये, ही उलटी दिशा या कामातून रुजली.

फॉन्टांची बजबजपुरी आणि 'मंगल'

प्रत्यक्षात ही दिशा सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला. संगणक अक्षर ओळखत नाही, तो केवळ अंक ओळखतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरावीक अंक, म्हणजे संकेत, द्यावा लागतो, आणि त्या अंकाचे दृश्य रूप ज्या संचात साठवलेले असते त्याला फॉन्ट म्हणतात. १९९०च्या दशकात मराठीचे अनेक फॉन्ट बाजारात आले, परंतु त्यांपैकी बहुतेकांनी आपापले संकेत वापरले. एका फॉन्टात लिहिलेला लेख दुसऱ्या फॉन्टात निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन दिसे, वर्तमानपत्राचे संकेतस्थळ वाचण्यासाठी त्याचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, आणि मराठी मजकुरात शब्द शोधणे जवळपास अशक्य होते.

या अडचणीतून सुटण्यासाठी असंख्य मराठी माणसे ई-मेल आणि मोबाइलवर आपली भाषा रोमन अक्षरांत लिहू लागली. त्यात सोय होती, परंतु रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल' यांत, 'ण' आणि 'न' यांत फरक उरत नाही, त्यामुळे वेळ आणि वेल, मण आणि मन एकसारखेच दिसतात. मराठीला तिच्या शेजारच्या हिंदीपासून कानाला वेगळे करणारा जो 'ळ', तोच लेखनातून पुसला जात होता. देशोदेशी विखुरलेल्या मराठी कुटुंबांचा रोजचा पत्रव्यवहार अशा लेखनात होऊ लागला, तेव्हा एका पिढीला मराठी बोलता येते पण देवनागरीत लिहिण्याचा सराव नाही, अशी स्थिती निर्माण होण्याचा धोका खरा होता. मोडीच्या बाबतीत जे शतकभरात घडले ते बालबोधीच्या बाबतीत एका पिढीत घडू शकले असते.

तो धोका टळला तो मुख्यतः युनिकोडमुळे. युनिकोड म्हणजे जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा संकेत देणारी प्रमाणपद्धती. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या १९८८च्या संकेतप्रणालीवर आधारलेली होती. युनिकोडमध्ये अक्षराचा तुकडा साठवला जात नाही, उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवले जातात. त्यांची जोडाक्षरे बांधणे, वेलांटी योग्य जागी नेणे आणि रफार वर चढवणे ही कामे फॉन्टमधील नियम करतात. असे नियम बाळगणारा, विंडोज २००० या प्रणालीसोबत जगभर पोहोचलेला देवनागरी फॉन्ट म्हणजे 'मंगल', आणि त्याची अक्षरे र. कृ. जोशी यांनी घडवली होती. संगणकासोबतच देवनागरी आपोआप येऊ लागली, आणि मराठी लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज उरली नाही. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो या नव्या पायावरच उभा राहू शकला. जोशी यांचे फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत निधन झाले. त्याच वर्षापासून आयडीसीच्या पुढाकाराने 'टायपोग्राफी डे' ही अक्षरविचाराची वार्षिक परिषद भरू लागली. याच केंद्रात अध्यापन करणारे गिरीश दळवी ज्या 'एक टाइप' या गटाचे सदस्य आहेत, त्या गटाने पुढे 'मुक्त' यांसारखे देवनागरी फॉन्ट विनामूल्य उपलब्ध करून दिले.

समान लिपी, वेगळे वळण

प्रमाणीकरणाने मराठीला जागतिक पडद्यावर आणले, परंतु त्याच प्रमाणीकरणाने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी आणि संस्कृत यांची समान लिपी आहे, आणि युनिकोड लिपीला संकेत देते, भाषेला नव्हे. मराठी परंपरेत 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा लिहिला जातो, तर हिंदीत 'ल'ला दंड असतो आणि 'श'ला गाठ असते. संकेत मात्र दोन्हींना एकच आहे. कोणते वळण दिसावे हे फॉन्टच्या रचनाकाराने ठरवायचे असते, आणि त्याने मराठीचा विचार केलेला नसेल तर मराठी मूल पाठ्यपुस्तकात एक 'ल' शिकते आणि मोबाइलवर दुसरा वाचते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतील 'ऱ्य' हे मराठीचे खास चिन्ह. युनिकोडमध्ये ते ज्या 'ऱ' या वर्णावर अवलंबून आहे तो वर्ण मुळात द्राविडी भाषांतील उच्चार दाखवण्यासाठी म्हणून नोंदलेला आहे. 'ॲ' या मराठी स्वराला तर स्वतंत्र संकेत मिळण्यासाठी २००८ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीसाठीची प्रमाण देवनागरी लिपी आणि वर्णमाला शासन निर्णयाने निश्चित केली आणि २०२२ मध्ये ती अद्ययावत केली. लिपी समान असली तरी मराठीची ओळख तिच्या वळणात आहे आणि ते वळण यंत्रानेही राखले पाहिजे, ही मागणी या निर्णयांतून अधिकृत झाली.

अक्षरातून व्यक्त होणारी ओळख सर्वांना सामावून घेते की कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न पवईतूनच जन्मलेल्या आणखी एका चिन्हाने देशापुढे मांडला. केंद्र सरकारने २००९ साली जाहीर केलेल्या स्पर्धेतून निवडलेले रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याचे रचनाकार डी. उदयकुमार हे तमीळभाषक असून त्यांनी आयडीसीत शिक्षण आणि संशोधन केले होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालून, त्यावर शिरोरेषेसारख्या दोन आडव्या रेषा देऊन हे चिन्ह घडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. शिरोरेषा हे देवनागरीचे लक्षण आहे. तमीळ लिपीत ती नाही. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू शासनाने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात या चिन्हाऐवजी तमीळ 'रू' हे अक्षर वापरले आणि देशभर वाद झाला. एका लिपीच्या वाचकाला जे स्वाभाविक आणि आपले वाटते ते दुसऱ्या लिपीच्या वाचकाला लादलेले वाटू शकते. 'ल' आणि 'श'च्या वळणासाठी आग्रह धरणाऱ्या मराठी समाजाने तरी ही भावना समजून घ्यायला हवी.

दिसण्याकडून बोलण्याकडे

पवईतील कामाचा पुढचा टप्पा अक्षराच्या रूपाकडून शब्दाच्या अर्थाकडे गेला. तंत्रज्ञान संस्थेत २००० साली भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले आणि पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली तेथे हिंदी आणि मराठी शब्दजाल तयार झाले. शब्दजाल म्हणजे समानार्थी शब्दांचे गट आणि त्या गटांमधील नाती नोंदवणारा, यंत्राला वाचता येणारा कोश. मराठी शब्दजाल हिंदीच्या आराखड्याचा आधार घेऊन वाढवले गेले. त्यामुळे काम वेगाने झाले, परंतु जी संकल्पना केवळ मराठीत आहे तिच्यासाठी आराखड्यात मुद्दाम जागा करावी लागते, हेही त्यातून दिसून आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी याच संस्थेच्या नेतृत्वाखाली 'भारतजेन' हा भारतीय भाषांत मजकूर निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा शासकीय प्रकल्प जाहीर झाला, आणि त्याच आठवड्यात, ३ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

हा टप्पा आधीच्या सर्व टप्प्यांहून वेगळा आहे. खिळा, टंकलेखक आणि फॉन्ट यांनी माणसाने लिहिलेले दाखवले; नवे यंत्र स्वतः वाक्य रचते, आणि ते कोणत्या मराठीत रचेल हे त्याला कोणता मजकूर वाचायला दिला यावर ठरते. उपलब्ध मजकूर मुख्यतः प्रमाण मराठीतील, वर्तमानपत्री आणि शासकीय आहे. मुंबईच्या कोळी आणि आगरी समाजांची बोली, आरे, विहार आणि पवईच्या डोंगरउतारांवरील पाड्यांत बोलली जाणारी वारली, विदर्भातील वऱ्हाडी किंवा खानदेशातील अहिराणी यांचे लेखन तुलनेने थोडे आहे. ज्या संस्थेत हे यंत्र घडते आहे तिच्या कुंपणाला लागून बोलल्या जाणाऱ्या बोली त्या यंत्राला परक्या राहिल्या, तर त्या बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच हातातील पडदा सांगेल की शुद्ध भाषा दुसऱ्यांची आहे.

मोडीचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. छपाईत जागा न मिळालेल्या त्या लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये संकेत मिळाले आणि आता ती संगणकावर लिहिता येते. परंतु मधल्या काळात ती सहज वाचणारा समाज उरला नाही, आणि संकेत मिळाल्याने तो परत आलेला नाही. माध्यमातून सुटलेली गोष्ट पुढे कधीतरी माध्यमात घालता येते, माणसांच्या सवयीत मात्र ती सहजासहजी परतत नाही. म्हणून बोलींची ध्वनिमुद्रणे, शब्दसंग्रह आणि लेखन यंत्राच्या शिकवणुकीत घेण्याचा काळ हाच आहे, आणि यंत्राने लिपीकडे यावे हे जे तत्त्व पवईत अक्षरांच्या बाबतीत रुजले, तेच आता बोलींच्या बाबतीत, त्या बोलणाऱ्यांना सोबत घेऊन, लागू करण्याची जबाबदारी त्या परंपरेच्या वारसांवर आहे.